विचारपूस राहून गेली

शेजाऱ्याच्या जनावराचे हाल दिसत असतील तर बोललं पाहिजे, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. पण बोलताना मी ज्या चुका केल्या त्या एका बैलाला भोवल्या आणि त्याच्या धन्यालाही. आमच्या ऊसपट्ट्यात अशी वेळ दर हंगामात कुणा ना कुणावर येते, म्हणून त्या जशा घडल्या तशा सांगते.

आमचं घर वाळवा तालुक्यात, गावाच्या कडेला. लगतच्या मोकळ्या रानात दिवाळीच्या सुमारास ऊसतोड टोळीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात आणि हंगाम संपेपर्यंत ती माणसं आणि त्यांची बैलं आमचे शेजारी असतात. त्या वर्षी सगळ्यांत जवळची कोपी बीड जिल्ह्यातून आलेल्या नवरा-बायकोची होती. त्यांच्या जोडीतल्या एका बैलाचा खांदा सुजला होता. जुवाच्या जागी मान टणक झालेली, वरचं कातडं सोललेलं. पहाटे गाडी जुंपताना तो मान द्यायचा नाही, अंग चोरून बाजूला सरकायचा.

हे मी रोज बघत होते आणि गप्प होते. ‘परक्याच्या जनावरात आपण कशाला पडायचं’ असं मनाला समजावत होते. खांदेसूज नवी असते तेव्हा विश्रांती, शेक आणि औषध एवढ्यानं उतरते. पू धरला की चीर द्यावी लागते आणि तेही टाळलं तर मानेवर घट्ट गाठ बनून शस्त्रक्रियेची वेळ येते. नुसत्या विश्रांतीनं भागलं असतं ते दिवस माझ्या संकोचात गेले.

मग एका सकाळी त्या सोललेल्या जागेवर माश्या घोंगावताना दिसल्या आणि संताप आवरेना. मी मोबाइलवर चित्रण केलं, टोळीच्या मुकादमाला पाठवलं आणि पोलिसांत तोंडी तक्रारही केली. कायदा माझ्या बाजूनं होता. जखमी, कामाला अयोग्य जनावर जुंपणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. 1965 च्या नियमांप्रमाणे ओढकामाच्या जनावराकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. पारा 37 अंशांवर जात असेल तिथे दुपारी बारा ते तीन काम बंद ठेवायचं असतं. हे सगळं मी त्या गाडीवानाला तोंडावर ऐकवलं. बैलाला कधीपासून दुखतंय, तू काय उपाय करतोस, हे मात्र विचारलं नाही.

तक्रारीनं काय झालं? गुन्हा नोंदवला गेला नाही, समज देऊन सोडलं. मुकादमानं त्याला सगळ्यांसमोर झापलं आणि बैल लोकांच्या नजरेला पडू देऊ नको म्हणून बजावलं. त्या दिवसापासून गाडी मध्यरात्रीनंतर जुंपली जाऊ लागली. जखमेवर गोणपाटाची घडी बांधून त्यावर जू ठेवलं जायचं. गोणपाट ओलं व्हायचं, घासायचं. मला दिवसा जखम दिसेना, म्हणून मी समजले की बैलाला विश्रांती मिळतेय. आतल्या आत तिथे पू धरत होता. बैलाचं दुखणं तसंच राहिलं होतं, त्याला फक्त अंधारात ढकललं गेलं होतं.

हे मला गाडीवानाच्या बायकोकडून कळलं. आमच्या नळावर पाणी भरायला आली असताना ती म्हणाली, “ताई, रोज रातच्याला तेल-हळद लावते मी त्याला. तुम्ही कोपीपतूर आला असता तर दाखविलं असतं.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा तिथे गेले. गाडीवानाला म्हटलं, “दादा, बैल थोडे दिवस बसवा.” तो म्हणाला, “बसवितो. मग जुवाखाली मान कोण देणार? मी देऊ? उचल फेडायचीय.”

त्या उचलीचा हिशेब मी कधी समजून घेतला नव्हता. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली रक्कम तोडलेल्या आणि वाहिलेल्या टनांतून फेडायची असते. टायरगाडी कारखान्याची, पण बैल त्याच उचलीतून घेतलेले, त्याच्या स्वतःच्या मालकीचे. एक बैल बसला की दुसराही बसतो आणि गाडीची कमाई बंद होते. कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. त्याला भीती दंडाची नव्हती, बुडणाऱ्या कमाईची होती. माझ्या तक्रारीत या कमाईचा विचारच नव्हता.

सगळ्यांत जड चूक त्याच संध्याकाळी ध्यानात आली. त्या आठवड्यात ती गाडी आमचाच ऊस ओढत होती. खोडव्याला पाणी द्यायचंय, पाळी चुकायला नको, म्हणून फड लवकर मोकळा करा असा तगादा तोडीची पाळी लावणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयकडे मीच लावला होता. गाड्या जास्त भरल्या जात होत्या त्या माझ्या घाईपायी. दोन चाकांच्या गाडीत ऊस पुढच्या बाजूला जास्त पडला की भार थेट मानेवर येतो. वर कारखान्याच्या तळावर नंबर लागेपर्यंत तासन्‌तास ताटकळणं. मालक म्हणून मी घाई करत होते आणि शेजारीण म्हणून त्याच घाईचा दोष दुसऱ्याच्या माथी मारत होते.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या पशुवैद्यकांना बोलावलं. त्यांनी चीर देऊन पू काढला, प्रतिजैविक दिलं आणि जखम भरेपर्यंत जुंपायचं नाही असं सांगितलं. आमचा उरलेला ऊस ट्रॅक्टरनं नेला. त्या नवरा-बायकोच्या कमाईत पडलेली तूट आम्ही उसाच्या पैशातून भरली, ते आमचं देणंच होतं. जखम भरली, पण मानेवर गाठ राहिली. हंगाम संपल्यावर त्यानं तो बैल पडत्या भावात विकला. 2015 पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे काम न होणाऱ्या बैलाला गिऱ्हाईक मिळणं अवघड असतं. तो कुठे गेला, मला माहीत नाही. मी वेळेत कोपीवर गेले असते तर गाठ राहिली नसती, असं मला आजही वाटतं.

आता तोड सुरू होण्याआधी मी टोळीशी बोलते. आमच्या फडातून गाडी किती भरायची ते आधी ठरतं. उशीर झाला तरी चालेल, हे मी चिटबॉयला स्वतः सांगते. जुंपण्याआधी बैलांच्या माना गाडीवानाबरोबर हातानं चाचपते, कारण सूज डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना कळते. पशुवैद्यकांचा नंबर प्रत्येक कोपीत दिलेला असतो. आमच्याच तालुक्यात राजारामनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी 2022 मध्ये जुवाला खालून आधार देणारं चाक तयार केलं, मानेवरचा भार हलका व्हावा म्हणून. असे उपाय टायरगाडीबरोबरच मिळावेत, तळावर सावली आणि पाणी असावं, थांबलेल्या गाड्यांचे बैल सोडता यावेत, हे मी सभासद म्हणून कारखान्याच्या सभेत मांडते. एकट्या गाडीवानाला दटावून यातलं काहीच होणार नाही.

तक्रारीचा हक्क मी सोडलेला नाही. जाणूनबुजून मारणारा, उपाशी ठेवणारा, सांगून आणि मदत देऊनही न ऐकणारा माणूस भेटला तर पोलिसांकडे जाईन, लेखी जाईन आणि पाठपुरावाही करीन. पण त्याआधी कोपीपर्यंत चालत जाईन. जनावराचा दोर ज्याच्या हातात आहे त्याला काय अडचण आहे ते विचारीन आणि त्या अडचणीत माझा किती वाटा आहे तेही तपासीन. आपला ऊस ज्या खांद्यावरून कारखान्यात जातो, त्या खांद्याची जबाबदारी फडाच्या मालकानंही घेतली पाहिजे, आणि ती जखम झाल्यावर नव्हे, पहिली गाडी भरण्याआधी.