अजून किती वेळा?

ज्येष्ठ नागरिकांना ताकदीचे व्यायाम शिकवू लागलो तेव्हा मला एकच धास्ती होती, कुणाला दुखापत होऊ नये. म्हणून सगळ्यांच्या हाती एक किलोचे डंबेल आणि सगळ्यांना दहा वेळा उचलण्याचा आकडा. बहुतेकांचे दहा गप्पा मारतच संपायचे. ती माणसं नेमाने येत राहिली, पण खुर्चीतून उठताना हात टेकणं काही सुटलं नाही. त्यांचे कितीतरी महिने मी वाया घालवले.

मग एक जुना प्रयोग वाचला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी बॉस्टनच्या शुश्रूषागृहातल्या नव्वदीच्या अशक्त वृद्धांकडून ८ आठवडे मांड्यांचा चांगला जड व्यायाम करून घेतला होता. तो पूर्ण करणाऱ्या ९ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हे वाचून मी दुसऱ्या टोकाला गेलो. वजनं वाढवली आणि श्रम जोखायला नाडी धरली.

वर्गातल्या एक आजी रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घ्यायच्या. त्या गोळीमुळे हृदयाचे ठोके फारसे वाढतच नाहीत. मी गोळ्यांची चौकशीच केली नव्हती. नाडी शांत दिसते म्हणून वजन चढवत गेलो. ‘त्रास होतोय का?’ विचारलं की त्या म्हणायच्या, ‘नाही हो सर, जमतंय.’ त्या श्वास कोंडून उचलत होत्या, आणि तसा जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. एका सकाळी त्यांना घेरी आली. वेळीच बसवलं म्हणून निभावलं. शिकवणाऱ्याला ‘होतोय’ म्हणायचा त्या पिढीला संकोच वाटतो, हे मला कळायला हवं होतं.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रम माणसाच्या स्वतःच्या जाणिवेवरून आकड्यात मोजायची पट्टी फार पूर्वीच दिली आहे. आता मी त्याच वाटेने विचारतो, ‘अजून किती वेळा उचलता येईल?’ ‘कितीही’ म्हटलं तर वजन वाढवतो. ‘दोन-तीनदा’ म्हटलं तर ते वजन योग्य. उत्तर देण्याइतकाही दम उरला नसेल तर लगेच खाली ठेवायला लावतो. नवख्या माणसाचा अंदाज चुकतो, म्हणून हाताच्या वेगावरही नजर ठेवतो. ताकद संपत आली की हात आपोआप मंदावतो.

तुम्ही अशा वर्गाला जात असाल तर चालू असलेल्या गोळ्यांची नावं पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्याला सांगा. वजन जड वाटलं तर सांगा, आणि हलकं वाटलं तर तेही सांगा.