मोडीतली नाणी

नाण्यांतलं मला जे काही कळतं, ते अकोल्याच्या एका भांडेवाल्याचं देणं आहे. सगळे त्यांना काकाजी म्हणत. मी अमरावतीचा, सुट्टीत मामाकडे जायचो आणि त्यांच्या दुकानात पडून असायचो. फुटकी घागर, चेपलेला गुंड असली मोड खेड्यापाड्यांतून यायची. कधी तिच्या बुडाशी चारदोन नाणीही असत. मोड तराजूत टाकण्याआधी ती वेगळी निघायची.

पहिला धडा चिंच-मिठाचा. मी एक काळवंडलेला पैसा चकचकीत करायला घेतला, तर ते म्हणाले, "घासू नोको बाबू. भांडं घासलं तं इकते, नाणं घासलं तं मरते." शंभर वर्षांत तांब्यावर चढलेला रंग संग्राहकाला हवा असतो. तो गेला की उरतं ते फक्त तांबं.

नाणं जुनं म्हणून महाग, हा माझा भाबडा समजही त्यांनीच काढला. भोकाचा पैसा १९४३ ते ४७ मधला, युद्धाच्या टंचाईत धातू वाचवायला काढलेला. पण पडले इतके, की आजही स्वस्तच. साल बघायचं, मग सालाखाली बघायचं. चौकट असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा असेल तर हैदराबादची, गोल ठिपका असेल तर नोएडाची, काहीच नसेल तर कलकत्त्याची. त्या त्या टांकसाळीत त्या साली किती नाणी पडली आणि हातातलं किती झिजलंय, यावर भाव.

शिवराईचं मात्र निराळं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', पण अक्षरांची वळणं आणि ऱ्हस्व-दीर्घ नाण्यागणिक बदलतात. ठसा नाण्यापेक्षा मोठा, त्यामुळे एखादं अक्षर बाहेरच राहतं. पेशवाईतली दुदांडी शिवराई ढिगानं मिळते. शिवकाळातली म्हणून जी दाखवतात, त्यांत ओतीव नकला फार. काकाजींकडे माहेश्वरी आणि विगिन्स यांचं मराठा नाण्यांवरचं १९८९ सालचं इंग्रजी पुस्तक होतं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, चित्रं तोंडपाठ. वाचून दाखवायचं काम माझं. माझं इंग्रजी सुधारलं ते शाळेपेक्षा तिथंच.

तऱ्हाळ्याची गोष्टही त्यांच्याकडूनच कळली. मंगरूळपीरजवळचं हे गाव तेव्हा अकोला जिल्ह्यात, आता वाशीमला. १९३९ साली तिथं सातवाहनांच्या नाण्यांचा साठा सापडला, हजाराच्या वर नाणी. सोनं नाही, चांदी नाही, हलक्या मिश्रधातूची. संशोधक वा. वि. मिराशींनी ती वाचली आणि पुराणांच्या यादीत नसलेले राजे हाती आले: कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी. मोडवाल्याच्या तराजूत गेली असती तर हे राजे भट्टीत वितळले असते. काकाजींना याची खरोखर धास्ती वाटायची.

पण माझ्यावरचं मोठं ऋण वेगळंच आहे. एकदा एक म्हातारी पितळी परातीसोबत मूठभर नाणी घेऊन आली, सगळं वजनावर द्यायला तयार. काकाजींनी एक चांदीची पावली बाजूला केली. "हे मोडीच्या भावात नोको देऊ वो बाई." तिला ती कशाची, बाजारात काय येईल, सगळं सांगितलं आणि तेवढे पैसे मोजले. शेजारचा दुकानदार हसला. धंदा म्हणून ते हसण्यासारखंच होतं.

आता माझ्याकडे लोक येतात. बहुतेकांच्या हातात गेंड्याचे चाराणे असतात, १९८८ पासूनचे, आणि कुणीतरी सांगितलेला लाखांचा आकडा. जुन्या नाण्यांच्या सौद्यात आपल्या नावानं कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये जाहीर केलं, तरी हे थांबत नाही. मी खरा भाव सांगतो. परवा दर्यापूरचा एक पोरगा चाराणे खिशात टाकत म्हणाला, "जाऊ द्या काका, तुमाले काई समजत नाई."