रजा आणि इजाजा

रजेच्या अर्जातला पहिलाच रकाना होता 'रजेचा प्रकार', आणि मी तिथेच अडले. वार्षिक, आजारपण, बाळंतपण, तातडीची, हज, अशी नावं एकाखाली एक होती. शिकण्यासाठीची रजा त्यांत नव्हती. 2018 सालचा नोव्हेंबर होता. नाइट संपवून, गणवेशावर स्वेटर चढवून मी दोह्यातल्या आमच्या सरकारी रुग्णालयाच्या मनुष्यबळ विभागात बसले होते. शेवटी 'इतर'समोर खूण केली आणि पुढे लिहिलं, 'मास्टर ऑफ नर्सिंग, दोन वर्षं'. पण मी मागत काय होते? सलग दोन वर्षांची सुट्टी, की आठवड्यातल्या दोन संध्याकाळी? माझं मलाच ठाऊक नव्हतं. रजा म्हणजे घरातल्या लग्नाला नाहीतर आई आजारी पडली की घ्यायची, इतकीच माझी तिच्याशी ओळख.

शिकावंसं का वाटलं ते सांगायला हवं, कारण अर्जात त्याला जागाच नव्हती. अतिदक्षता विभागात एका रात्री माझ्याकडे एक बांगलादेशी बांधकाम मजूर होता. व्हेंटिलेटरची नळी घशात, हात बांधलेले, आणि सारखी तडफड. आम्ही गुंगीचं औषध वाढवत गेलो. तासातासाला लघवी मोजतो आम्ही. तो आकडा उतरत होता, पण त्याची मूत्रपिंडं आधीच मंदावलेली, म्हणून कुणाला खटकलं नाही. पहाटे चादर बदलताना त्याचं ओटीपोट माझ्या हाताला दगडासारखं लागलं. लघवीची नळी गुठळीने तुंबली होती. ती बदलली, पिशवी भराभर भरली, आणि पाच मिनिटांत माणूस शांत झोपला. रात्रभर तो आम्हाला तेच सांगत होता.

बोलू न शकणाऱ्या रुग्णाचं दुखणं मोजायच्या पद्धती आहेत. चेहरा, हालचाल, स्नायूंचा ताठपणा, व्हेंटिलेटरशी चाललेली झुंज, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण द्यायचे. हे मी वाचलेलं होतं. पण दहा देशांतून आलेल्या नर्सेसच्या वॉर्डात ते रोजच्या सवयीचं कसं करायचं, आपण केलं त्याने फरक पडला हे दाखवायचं कसं, हे मला येत नव्हतं. ते पदव्युत्तर वर्गात शिकवतात. म्हणून अर्ज.

खिडकीतला माणूस सौम्य होता. त्याने मला बसवलं आणि समजावलं. कतारचा नागरी मनुष्यबळाचा 2016 सालचा 15 क्रमांकाचा कायदा आहे. त्यातली अभ्यास रजा कतारी नागरिक असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. तुम्ही करारावर आहात. मी मान हलवली. देश त्यांचा आहे, आपल्या मुलींना नर्सिंगमध्ये वर आणावं असं त्यांना वाटणं रास्तच आहे, आणि त्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही राग नव्हता. पण रात्रीच्या पाळीला खाटेपाशी उभ्या असतात त्या केरळच्या, फिलिपिन्सच्या, सुदानच्या, इजिप्तच्या, आणि माझ्यासारखी एखादी सांगलीची. आमचं शिक्षण वाढलं तर ते त्याच खाटेपाशी खर्च होणार, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

वॉर्डात परत आल्यावर माझ्या सुदानी सहकारिणीने अर्ज पाहिला आणि म्हणाली, "तुला इजाजा दिरासिया हवी आहे." अरबीत रजेला इजाजा म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे इजाजत म्हणजे परवानगी. ती म्हणाली, तोच शब्द. मग मी आमचा 'रजा' सांगितला, आणि ती हसायला लागली. तोही त्यांचाच, रिदा. अर्थ राजीखुशी, संमती. तिच्या आजोबांच्या काळी गुरू शिष्याला लेखी इजाजा द्यायचे: तू हे माझ्याकडून शिकलास, आता तू शिकवू शकतोस. म्हणजे ज्या शब्दासाठी मी खिडकीपुढे बसले होते, त्याचा एक जुना अर्थ शिक्षणाचं प्रमाणपत्र असाच होता. त्या दुपारी मला झोप लागली नाही.

पुढचे काही आठवडे मी वाटा शोधत होते आणि प्रत्येक वाटेला वेगळाच अडसर होता. मायदेशी जाऊन एम.एस्सी. करायचं तर दोन वर्षं पूर्णवेळ. कतारबाहेर सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलं की निवास परवाना धोक्यात, आणि नवरा, मुलगा दोघेही माझ्या परवान्यावर. मी वर्गात बसणार तर त्यांचं घर आणि मुलाची शाळा दोन्ही उठणार. घरबसल्या परदेशी विद्यापीठाची पदवी घ्यावी, तर भारतीय परिचर्या परिषद दूरस्थ एम.एस्सी. नर्सिंग मानत नाही; उद्या परत जाऊन पाठ्यनिर्देशिका व्हायचं म्हटलं तर तो कागद कामाचा नाही. इथेही पदवीची समकक्षता, ज्याला सगळे 'मुआदला' म्हणतात, ती काढताना वर्गात किती बसलात हे विचारतात, असं अनुभवी मैत्रिणींनी बजावलं. उरलं दोह्यातच शिकणं. कॅनडाच्या कॅल्गरी विद्यापीठाने 2007 साली इथे नर्सिंगचं कॉलेज सुरू केलं होतं आणि तिथे मास्टर्स होतं. शिकायला दोह्याबाहेर जायला नको, हेच मला फार मोठं वाटलं.

त्याच दिवसांत माझी बी.एस्सी.ची मैत्रीण फोनवर रडली. ती महाराष्ट्रात एका जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये अधिपरिचारिका. मला वाटायचं, तिला काय, पक्की सरकारी नोकरी, स्वतःच्या राज्यात. 1981च्या रजा नियमांत अध्ययन रजा स्पष्ट लिहिलेली आहे: पाच वर्षं सेवा झालेली हवी, एका वेळी साधारण बारा महिने, सगळ्या नोकरीत मिळून चोवीस, आणि परत आल्यावर तीन वर्षं नोकरी करीन असं बंधपत्र. तिला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. पण तिची सुरुवातीची चार वर्षं बंधपत्रित म्हणून गेलेली. ती सेवेत धरायची की नाही यावर फाइल फिरत राहिली. प्रवेशाची शेवटची तारीख आली तेव्हा फाइल तिसऱ्या टेबलावर होती. "अगं, त्यांनी नाही म्हटलंच नाही," ती म्हणाली. "नाही म्हटलं असतं तर मी भांडले तरी असते."

हे वाक्य मला तेव्हा पुरतं कळलं नाही. तिने शेवटी असाधारण रजेचा, म्हणजे बिनपगारी रजेचा अर्ज टाकला आणि कॉलेजात जाऊन बसली. नियमांचं पहिलं तत्त्व असं की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. आणि अभ्यास तर कामाशी संबंधित, लोकांच्या हिताचाच असायला हवा. ही दुसरी अट मला पटते. पण ती पुरी करणारी बाईसुद्धा टेबलाटेबलाला विचारली जाते, "तुमच्या जागी ड्यूटी कोण करणार?" या प्रश्नाला उत्तर देणं तिचं काम आहे का? जागा भरणं, बदली माणूस देणं हे ज्यांच्या हातात आहे त्यांनी ते सांगायचं. नर्सला पगार रुग्ण सांभाळण्याचा मिळतो, मनुष्यबळाच्या नियोजनाचा नाही.

माझ्यासमोरही तोच प्रश्न आला, फक्त इंग्रजीतून. कॉलेजला नोकरीच्या ठिकाणचं पत्र हवं होतं, की आठवड्यातल्या ठरलेल्या दोन दिवशी वर्गाच्या वेळी मला ड्यूटी लागणार नाही. आमच्या हेड नर्सला आम्ही चेची म्हणतो. ती केरळची, मनाने मोठी. म्हणाली, "तुला मी सोडीन, पण लिहून देणं माझ्या अधिकारात नाही." वरच्या कार्यालयाने सांगितलं, पाळ्या वॉर्ड ठरवतो, पत्र वॉर्डानेच द्यावं. मी बाराबारा तासांच्या पाळ्यांमधून वेळ काढून या दोन दारांमध्ये साडेतीन महिने फिरले. मला कुणीही नकार दिला नाही, दर वेळी चहा दिला, आणि प्रवेशाची मुदत संपली. तेव्हा मैत्रिणीचं वाक्य आठवलं.

त्या वर्षी मी पुष्कळ रडले, ते लपवण्यात अर्थ नाही. चाळिशी जवळ आलेल्या बाईला शिकायचा हट्ट कशाला, असं घरातलंच कुणी म्हणालं तेव्हा सगळ्यात जास्त.

2019 साली परत अर्ज केला तो चेचीच्या सल्ल्याने. तिने 'रजा' हा शब्दच काढायला लावला. रजा म्हटली की तो परवानगीचा प्रश्न होतो, पाळी म्हटली की वॉर्डाचा. एक साधा तक्ता केला: रविवार आणि मंगळवार, या दोन दिवशी मला ड्यूटी लागली तर कोण घेईल, आणि बदल्यात तिची कुठली नाइट मी करीन. खाली सात सह्या. चार मल्याळी, दोन फिलिपिनो, एक माझी सुदानी मैत्रीण. तिने सही अरबीत केली आणि शेजारी हसत लिहिलं, इजाजा. तक्ता जोडला आणि पंधरा दिवसांत पत्र आलं. जे उत्तर संस्थेने द्यायचं ते सात बायकांनी आपल्या झोपेतून दिलं. मला आनंद झाला आणि लाजही वाटली. दोन्ही अजून तशीच आहेत.

सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू झाले. पहिल्याच निबंधात मी त्या मजुराच्या रात्रीबद्दल लिहिलं. 29 फेब्रुवारी 2020 ला कतारमध्ये कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला आणि मार्चमध्ये आमच्या सगळ्यांच्या रजा थांबल्या. वर्ग संगणकावर गेले. मी पीपीई उतरवून, चेहऱ्यावर मास्कचे वळ घेऊन पार्किंगमध्ये गाडीत बसून व्याख्यान ऐकायची, आणि दोनदा तशीच झोपले. एक सत्र सोडावं लागलं. त्याच ऑगस्टमध्ये कतारने कायदा बदलला आणि नोकरी बदलायला जुन्या मालकाचं ना हरकत पत्र लागेनासं झालं. वॉर्डात मिठाई वाटली गेली. माझं वर्गाचं पत्र मात्र दर सत्राला नव्याने काढायचंच होतं.

मैत्रिणीची परीक्षा साथीमुळे लांबली. तिची फाइल अखेर मंजूर झाली होती, चोवीस महिन्यांसाठी. निकाल लागेपर्यंत ते चोवीस महिने संपून गेले आणि वरचे दिवस परत बिनपगारी. "पण झालं बघ," ती म्हणाली, आणि पाठोपाठ, "तुझं कुठवर आलं?"

2021च्या जानेवारीत मी नव्या सत्राचा तक्ता घेऊन वॉर्डात फिरत होते. सुदानी मैत्रिणीची बदली झाली होती, तिच्या जागी अजून कुणी आलं नव्हतं. सहा सह्या झाल्या होत्या. रविवारच्या रकान्यात एक ओळ रिकामी होती, आणि पत्र द्यायचा शेवटचा दिवस गुरुवार होता.