हाँगकाँगमधील डोंगर व दिवे

परदेशीं नोकरीस गेलेल्या मुलाचीं छायाचित्रें हल्लीं घरोघरीं दूरध्वनीच्या पडद्यावर येतात, आणि त्यांचे दोन प्रकार बहुधा ठरलेले असतात. एकांत चिरंजीव डोंगराच्या माथ्यावर घाम पुसत उभे. दुसऱ्यांत मध्यरात्रीं कोठल्याशा झगमगत्या गल्लींत मित्रमंडळींसमवेत पेला हातांत घेऊन हंसत असलेले. पहिलें पाहून आईस पाय घसरण्याची भीति वाटते, आणि दुसरें पाहून वडिलांस निराळ्याच घसरण्याची! माझा एक पुतण्या पांच वर्षांपासून हाँगकाँग येथें एका बँकेंत नोकरीस आहे. गेल्या शरदृतूंत त्याच्या बिऱ्हाडीं सहा आठवडे राहण्याचा योग आला. तेव्हां या दोन्ही प्रकारच्या चित्रांमागचें जीवन जवळून पाहिलें. तेंच वाचकांपुढें ठेवीत आहें.

संस्कृत वैयाकरण ‘नगर’ हा शब्द ‘नग’ म्हणजे पर्वत या शब्दापासून साधितात. पर्वतासारखे उंच प्रासाद जेथें आहेत तें नगर. या व्युत्पत्तीचें मूर्तिमंत उदाहरण पाहावयाचें तर हाँगकाँगला जावें. तेथें प्रासाद पर्वतासारखे आहेतच, आणि त्यांच्या पाठीशीं खरे पर्वतही उभे आहेत. सुमारें 1100 चौरस किलोमीटरांच्या या प्रदेशांत पाऊण कोटि माणसें राहतात; तरीही तेथील जमिनीचा सुमारें 40 टक्के भाग रक्षित उपवनें म्हणून राखून ठेवलेला आहे. गव्हर्नर मॅक्लेहोज यांच्या कारकीर्दींत 1976 सालीं तसा कायदा झाला, आणि 1979 सालीं त्यांच्याच नांवाची 100 किलोमीटर लांबीची पाऊलवाट लोकांस खुली झाली. त्यामुळें कचेरींतून निघालेला मनुष्य तासाभराच्या आंत रानांत पोहोंचतो.

हे डोंगर सर्वांस सदैव मोकळे होते असें मात्र नाहीं. शहराच्या डोक्यावरील ‘पीक’ या शिखरावर चिनी लोकांनीं घर करूं नये, असा कायदा इंग्रज सरकारनें 1904 सालीं केला होता. नोकरचाकर तेवढे त्यांतून वगळलेले होते. म्हणजे चिनी मनुष्यानें तेथें पाणी भरावें, पण बिऱ्हाड करूं नये! हा कायदा 1946 सालीं रद्द झाला.

पहिल्याच रविवारीं पुतण्यानें मला ‘ड्रॅगनची पाठ’ नांवाच्या डोंगरावर नेलें. शाउ केइ वान येथून बसनें निघून आम्ही वाटेच्या तोंडाशीं उतरलों. बरोबर त्याची नेहमींची मंडळी होती: बँकेंतला एक चिनी सहकारी, शाळेंत शिकविणारा एक आयरिश गृहस्थ, आणि दोघी तरुणी. सर्वांत उंच जागा 284 मीटर. सिंहगड चढणाऱ्यास ती किरकोळच वाटेल. परंतु त्या धारेवरून चालतांना एका हातास शेक ओ गांव व उघडा समुद्र, दुसऱ्या हातास ताइ ताम उपसागर, आणि पुढें सर्पाकार वर-खालीं जाणारी वाट, असा देखावा दिसतो. समोरून येणारीं वृद्ध चिनी जोडपीं ‘जो सन’, म्हणजे सुप्रभात, असें म्हणून पुढें जातात. त्या मंडळींत माझाच वेग सर्वांत कमी. पण कोणीं घाई केली नाहीं.

कित्येक डोंगरांच्या उतारावर नालाच्या आकाराच्या दगडी समाध्या दिसतात. चिनी वर्षाच्या नवव्या महिन्यांतील शुद्ध नवमीस लोक डोंगर चढतात आणि पूर्वजांच्या समाध्या झाडून तेथें धूप-दीप दाखवितात. या ‘चुंग युंग’ सणास सरकारी सुटी असते. आपली खंडेनवमी व ही नवमी पुष्कळ वर्षीं एकाच दिवशीं येतात, हें पंचांग पाहणाऱ्यांस कौतुकाचें वाटेल.

आतां रात्रींविषयीं. त्या आधीं बिऱ्हाड सांगितलें पाहिजे, कारण रात्रींचें मूळ बिऱ्हाडांत आहे. पुतण्याची जागा कौलून भागांत, अवघी 300 चौरस फूट. पलंग भिंतींत मिटला म्हणजे ती बैठकीची खोली, उघडला म्हणजे निजावयाची. पाहुणा आला तर त्यास बसवावें कोठें, आणि वाढावें कोठें? ओटी नाहीं, अंगण नाहीं, माजघर नाहीं. दिवसभर कचेरींत आकडे मांडून आठ वाजतां सुटलेला मनुष्य अशा पेटींत लगेच जाऊन पडण्यास कचरतो, यांत नवल तें काय? घराची ओटी त्यास रस्त्यावर शोधावी लागते.

बिऱ्हाडापासून टेंपल स्ट्रीटचा रात्रींचा बाजार जवळ होता. समुद्रदेवता तिन हाउ हिच्या देवळावरून त्या रस्त्यास नांव पडलें. तेथें मातीच्या भांड्यांत शिजविलेला भात मिळतो, कापडचोपड मिळतें, आणि ज्योतिषीही दिव्याखालीं बसलेले असतात. शाकाहारी मनुष्याची थोडी पंचाईत होते. पण माझी रात्र तेथें चांगली जाई.

लान क्वाय फाँगला जाण्यासाठीं समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडावी लागते. आम्ही स्टार फेरीनें गेलों. या नौकासेवेचा आरंभ 19 व्या शतकांत दोराबजी नौरोजी या पारशी गृहस्थांनीं केला होता. लान क्वाय फाँग ही उतरती, अरुंद गल्ली. दोन्ही बाजूंस मद्यालयें, मोठमोठ्यानें संगीत, आणि दहा देशांचे लोक खांद्याला खांदा लावून उभे. 1993 सालच्या पहिल्याच रात्रीं नववर्षाच्या गर्दींत येथें चेंगराचेंगरी होऊन 21 माणसें प्राणास मुकलीं; तेव्हांपासून सणाच्या रात्रीं पोलीस कडक बंदोबस्त ठेवितात. 2019 चें आंदोलन आणि मागाहूनची साथ यांमुळें तेथील धंदा पुष्कळ खालावला, आणि 2023 सालीं सरहद्द खुली झाल्यावर कित्येक लोक सुटीस शेनझेनकडे जाऊं लागले. तरी शुक्रवारीं रात्रीं मला तेथें पाऊल ठेवण्यास जागा नव्हती. लटपटत्या पायांचे तरुणही पाहिले; त्यांचें समर्थन मी करणार नाहीं.

डोंगरावरची तीच मंडळी येथें भेटली. मीं लिंबाचें सरबत घेतलें. बोलतां बोलतां आयरिश गुरुजी सहज म्हणाले, “मागच्या वर्षीं याच्या तापांत आम्हांला मोठी काळजी लागली होती.” पुतण्यानें मान खालीं घातली. हकीकत अशी कीं, तो आठ दिवस तापानें अंथरुणास खिळला होता. या चौघांनीं पाळी लावून त्यास औषध दिलें. चिनी सहकाऱ्याची आई ‘जुक’, म्हणजे आपली तांदळाची पेज, रोज डब्यांत भरून धाडीत असे. आम्हां घरच्यांस यांतलें अक्षरही ठाऊक नव्हतें.

“कळविलें कां नाहींस?” मीं घरीं परततांना विचारलें.

“काका, आईनें देव पाण्यांत ठेवले असते,” तो म्हणाला, “आणि येऊं तर कोणीच शकलें नसतें.”

ज्या छायाचित्रावरून घरीं दोन दिवस कुजबुज झाली होती, त्यांत पेला घेऊन उभीं असलेलीं माणसें हींच होतीं.

पुढच्या रविवारीं डोंगर उतरून आम्ही सेंट्रल भागांत आलों, तों निराळेंच दृश्य. मोठमोठ्या इमारतींच्या सावलींत, पुलांवर, पदपथांवर पुठ्ठे अंथरून हजारों स्त्रिया बसलेल्या. कोणी वेणी घालीत होती, कोणी गांवीं धाडावयाचें खोकें बांधीत होती, कोणी दूरध्वनीवर लेकराशीं बोलत होती. या फिलिपाईन्स व इंडोनेशिया येथून आलेल्या घरकामकरी स्त्रिया. अशा परदेशी घरकामगारांची संख्या 3 लाखांहून अधिक आहे. कायद्यानें त्यांस मालकाच्याच घरीं राहावें लागतें. म्हणून आठवड्याच्या सुटीस रस्ता हेंच त्यांचें अंगण. कांहीं जणी त्या दिवशीं डोंगरही चढतात.

माझ्या पुतण्यास तेथें ‘एक्स्पॅट’ म्हणतात. या स्त्रियांस कोणी तसें म्हणत नाहीं. संस्कृतांत दोघांसही ‘प्रोषित’ हा एकच शब्द; तो कोणाचा पगार विचारीत नाहीं. कायदा मात्र भेद करितो. सलग 7 वर्षें राहिलेल्या इतर परदेशस्थास कायमच्या वास्तव्याचा हक्क मागतां येतो. घरकामकरणीस तो नाहीं. तिनें वीस वर्षें दुसऱ्याचीं मुलें वाढविलीं तरी नाहीं. एका फिलिपिनो स्त्रीनें त्यासाठीं दावा लाविला. 25 मार्च 2013 रोजीं तेथील अंतिम अपील न्यायालयानें तो फेटाळला. पीकवरचा जुना कायदा मला तेव्हां आठवला.

पुतण्यास 7 वर्षें पुरीं होण्यास आणखी दोन वर्षें आहेत. पुढें काय करावयाचें हें त्याचें ठरलेलें नाहीं, आणि मींही त्यास छेडलें नाहीं. ज्यांच्या घरचीं मुलें अशीं दूर आहेत त्यांस माझें एवढेंच सांगणें आहे: पेल्यांत काय होतें हें अवश्य विचारा, तो वडिलांचा अधिकारच आहे. पण त्याआधीं चित्रांतल्या एकेका माणसाचें नांव विचारा, तीं काय करितात, कोठें राहतात, हें विचारा. आजारी पडल्यास पेज कोण आणील, हें त्यावरून कळतें.