पेस्ट बदल दो, भिया

उन्हाळा लागला की माझ्या इंदूरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक निदान घरूनच करून येतं. कॉम्प्युटर तापतो, गेम अडखळतो, भर दुपारी मशीन आपोआप बंद पडतं, आणि मग ठरलेलं वाक्य, "भिया, पेस्ट बदल दो. बढिया वाली." रामबागेतले आमचे मराठी काका हेच जरा अदबीनं सांगतात, "अहो, ती पेस्ट की काय ती वाळली असेल, तेवढी बघा." डॉक्टरकडे जाऊन औषधाचं नाव आपणच सांगावं, त्यातला प्रकार. पेस्ट बदलून चार पैसे मलाच मिळतात, तेव्हा तक्रार नाही. पण पेस्टच्या नावावर जेवढं श्रेय आणि जेवढा दोष जमा होतो, त्यातलं फार थोडं तिचं असतं.

ही थर्मल पेस्ट लागते ती प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढून घेणारा हीटसिंक यांच्या मधे. प्रोसेसरवरचं धातूचं झाकण आणि हीटसिंकचा तळ, दोन्ही बोटाला गुळगुळीत लागतात. खरं तर दोन्हींवर डोळ्यांना न दिसणारे चढउतार असतात. एकावर एक ठेवले की ते मोजक्याच ठिकाणी टेकतात आणि उरलेल्या फटींत हवा राहते. उष्णता वाहून नेण्याच्या मापात तांबं 400च्या आसपास, तर हवा 0.026. पेस्टच्या नळीवर 8, 12 असे आकडे छापलेले असतात. ते जसेच्या तसे खरे धरले, तरी पेस्ट हवेपेक्षा शेकडो पट बरी आणि तांब्यापेक्षा तीस ते पन्नास पट वाईट. म्हणजे धातू धातूला टेकलाय तिथे तिचं काहीच काम नाही. तिनं फटी तेवढ्या भरायच्या. जाड थर दिला की आपणच उष्णतेच्या वाटेत अडसर घातला.

हे सगळं एका नमकीनच्या दुकानातल्या बिलिंग कॉम्प्युटरनं मला फार चांगलं समजावलं. शेव तळण्याची भट्टी मागच्या अंगाला, काउंटर पुढे. संध्याकाळची गर्दी सुरू झाली की मशीन बंद. मालकाचं म्हणणं, पेस्ट सुकली. कॅबिनेट उघडलं, तर पंख्याखाली हीटसिंकच्या पात्या दिसेचनात. बेसनाची पूड, तेलाची वाफ आणि रस्त्याची धूळ यांचा मिळून असा जाड, चिकट थर बसला होता की स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं उचलला तर अख्खा पापुद्रा निघाला. ब्लोअरनं तो हलला नसता. पंखा फिरत होता, पण हवा आरपार जायला वाटच नव्हती. शिवाय इंटेलच्या डब्यात येणाऱ्या त्या हीटसिंकला कोपऱ्यांत दाबून बसवायच्या चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात, त्यांतली एक वर आलेली. त्यामुळे तळ एका बाजूनं जेमतेम टेकलेला. पात्या धुतल्या, पूर्ण वाळवल्या, चारही खुंट्या समोरासमोरच्या जोड्यांनी दाबून बसवल्या. हीटसिंक काढलाच आहे म्हटल्यावर पेस्टही नवी लावली. मालकाला अर्थात पेस्टचाच गुण आला.

दुसरी गंमत हवेची. परदेशी परीक्षणांत प्रोसेसर अमुक पेस्टनं 68 अंशांवर राहिला असं सांगतात, तेव्हा त्यांची खोली 21-22 अंशांची असते. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि भंवरकुआच्या बाजूला भाड्यानं राहणाऱ्या पोरांच्या गच्चीखालच्या खोल्या दुपारी 38-39वर असतात. हीटसिंक खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोली 17 अंशांनी वर गेली की प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच वर चढतो. 68चे 85 झाले, यात पेस्टनं काय करावं? माळव्याच्या रात्री मात्र अजून गार होतात. त्यामुळे रात्री बारा वाजता आकडे बघणारा पोरगा खूश असतो आणि दुपारी तीनला बघणारा माझ्याकडे येतो. मी आधी खोलीचं तापमान विचारतो. इंटेलचे बरेच डेस्कटॉप प्रोसेसर 100 अंशांपर्यंत चालतात आणि त्याच्यावर जाऊ लागले की स्वतःच वेग कमी करतात. एएमडीच्या रायझन 7000मधले बरेच प्रोसेसर तर पूर्ण ताणाखाली 95 गाठणारच, अशाच बेतानं बनवलेत. तेव्हा नुसता मोठा आकडा म्हणजे आजार नव्हे.

हीटसिंक काढण्यात तो लावण्यापेक्षा जास्त जोखीम आहे. एएमडीच्या एएम 4 सॉकेटात पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात. जुनी पेस्ट घट्ट झालेली असली आणि हीटसिंक सरळ वर ओढला, तर कुलूपबंद सॉकेटातून प्रोसेसर त्याला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. म्हणून मी मशीन आधी थोडा वेळ चालवून तापवतो, बंद करतो, आणि स्क्रू सोडले की हीटसिंक जागच्या जागी डावी-उजवीकडे हळूहळू पिळतो. चिकटा सुटल्याचं हाताला कळतं. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. करोनानंतर घरोघरी उरलेला हँड सॅनिटायझर घेऊन लोक येतात, पण त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याची साय मागे राहते. मग साध्या प्रोसेसरवर मधोमध वाटाण्याएवढा थेंब. तो पसरवायचं काम स्प्रिंगच्या स्क्रूंचा दाब करतो. स्क्रू तेवढे आलटून पालटून, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे.

ग्राफिक्स कार्डाचा मामला वेगळा. तिथे झाकण नसतं, चिप उघडीच असते, त्यामुळे सगळा पृष्ठभाग झाकेल अशी पेस्ट पसरावी लागते. शिवाय कार्ड तापतं-निवतं तसतशी पेस्ट हळूहळू कडेला सरकत जाते. 15 सप्टेंबर 2022ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद झालं आणि त्यासाठी रात्रंदिवस राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. बऱ्हाणपूरहून इथे शिकायला आलेला एक मुलगा असंच एक आरटीएक्स 3080 घेऊन आला. "काका, महागातली पेस्ट लावून झालीये, तरी हॉटस्पॉट 106 जातोय." चिपचं तापमान 81, तिचा सगळ्यात गरम बिंदू 106. दोहोंत पंधरा-वीस अंशांचं अंतर असेल तर मी दुर्लक्ष करतो. पंचवीस म्हणजे कुठेतरी टेकत नाहीये.

कार्ड उघडलं. पेस्ट मऊ होती, ताजी होती, आणि तोच पुरावा होता. चिपवर तिचा चक्क उंच थर उभा होता, नखानं खरवडावा इतका. दाब नीट असता तर चिप आरशासारखी जवळजवळ स्वच्छ आणि पेस्ट कडांना निघालेली दिसली असती. "अरे, मेमरीचे पॅड कुणी बदलले?" मी विचारलं. विकणाऱ्यानं नवे टाकून दिलेत, असं त्याला अभिमानानं सांगण्यात आलं होतं. मेमरीच्या चिपांवर पेस्ट नसते, रबरासारखे पॅड असतात, आणि ते मिलिमीटरच्या हिशोबानं येतात. इथे हवे त्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त जाड आणि कडक पॅड लावलेले. हीटसिंक त्या पॅडांवरच उभा राहिला होता. मधली मुख्य चिप बिचारी पेस्टच्या भरवशावर.

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून दीड मिलिमीटरचे मऊ पॅड आणले. ते लावून, चिपवर थोडी पेस्ट घेऊन, स्क्रू आवळून पुन्हा सगळं उघडलं. गिऱ्हाइकाला हा वेळेचा अपव्यय वाटतो, पण ठसा बघितल्याशिवाय मी कार्ड बंद करत नाही. पॅडांवर मेमरीच्या चौकोनी खुणा सगळीकडे सारख्या, चिपवर चारही कोपऱ्यांत पेस्ट पातळ. पुसून नव्यानं लावली, तीच त्याची नळी, आणि कार्ड जोडलं. दुपारच्या 38 अंशांत चिप 74, हॉटस्पॉट 88. पोरगा म्हणाला, "म्हणजे पेस्ट चांगलीच होती तर!"

हल्ली पेस्टऐवजी लिक्विड मेटलची मागणीही होते, कारण प्लेस्टेशन 5मध्ये ते आहे. गॅलियमचा तो मिश्रधातू वीज वाहून नेतो आणि अॅल्युमिनियमला खातो. ज्याच्या हीटसिंकचा तळ अॅल्युमिनियमचा, त्याला मी सरळ नाही म्हणतो. आणि ज्याचं मशीन धड चाललंय, आकडे गेल्या उन्हाळ्यासारखेच आहेत, त्याला धूळ काढून परत पाठवतो.

बिलावर आता मी दोन ओळी वेगळ्या लिहितो: पेस्ट, आणि उघडणं-साफसफाई-बसवणं. पहिल्या ओळीची रक्कम दुसरीपेक्षा बरीच कमी असते. लोक दुसरीवर घासाघीस करतात. मी पहिलीत हवी तेवढी सूट देतो.