रेघ उमटली नाही

आधीच सांगतो, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, संपादकांनी सांभाळून घ्यावं. पण हे इंग्लिशमध्ये लिहिलं असतं तर माझ्या रूम पार्टनरच्या आईला वाचता आलं नसतं.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि आम्ही सगळे डबे घेऊन बेसाच्या होस्टेलवर परतलो. पार्टनर आर्वीचा. त्याच्या आईने अनारसे दिले होते, खसखस इतकी लावलेली की चादरीवर सांडायची! मला अनारसे आवडत नाहीत, म्हणून दोन दिवसांत अख्खा डबा त्यानेच संपवला. तिसऱ्या दिवशी त्याच्या इंटर्नशिपचं मेडिकल होतं.

मेडिकलमध्ये लघवीची ड्रग टेस्टही होती. कपावर तापमानाची पट्टी आणि दाराबाहेर माणूस उभा. आल्यावर त्याने हे सगळं ॲक्टिंग करून दाखवलं, आम्ही पोट धरून हसलो. संध्याकाळी फोन आला. ओपिएट पॉझिटिव्ह, म्हणजे अफूच्या जातीचं काहीतरी. दुसरी तपासणी होईपर्यंत थांबा.

"मी काही घेतलं नाही बे, आईची शप्पथ!"

"हो रे, माहीत आहे," मी म्हटलं. आणि रात्री तो झोपल्यावर हळूच त्याचा ड्रॉवर उघडला. आत झेरॉक्स, दोन पेनं आणि डब्यातली चिठ्ठी... 'सगळ्यांनी वाटून खाजा.'

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये कुणीतरी त्याला 'गर्दुल्ला' म्हटलं. सगळे हसले. मीही हसलो.

नंतर मी वाचायला बसलो. या टेस्टच्या पट्टीवर प्रत्येक ड्रगसाठी एक रेघ असते. गंमत म्हणजे रेघ उमटली तर निगेटिव्ह, नाही उमटली तर पॉझिटिव्ह. लघवीत ड्रग असेल तर ते पट्टीवरच्या अँटीबॉडीला आधीच चिकटतं, मग रेघेपाशी चिकटायला काही उरत नाही. पण कुठून आलं, किती घेतलं, कधी घेतलं, हे पट्टी सांगत नाही. गांजाचा अंश तर रोज ओढणाऱ्याच्या लघवीत महिनाभरही सापडू शकतो.

आणि खसखस? ती अफूच्याच बोंडातली. बोंडाचा चीक दाण्यांना लागलेला असतो, त्यात थोडं मॉर्फिन येतं. एक मिलीलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमची मर्यादा असलेली पट्टी खसखशीनेही पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणूनच अमेरिकेने सरकारी नोकऱ्यांच्या तपासणीत १९९८ मध्ये ही मर्यादा २००० वर नेली. पट्टी ही फक्त चाळणी आहे. पक्का निकाल गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीचा, केमिकलवाल्यांना माहीत असेल.

आठ दिवसांनी तो निकाल आला. मॉर्फिन होतं, पण अगदी थोडं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? अनारसे ऐकून ते हसले म्हणे. इंटर्नशिप मिळाली.

मला ऑक्टोबर २०२१ ची मुंबईची क्रूझ केस आठवली. एनसीबीने आर्यन खानला पकडलं आणि टीव्हीने त्याच रात्री निकाल लावला. आम्हीही घरी जेवताना लावला. जामिनाच्या आदेशात मात्र मुंबई हायकोर्टाने नोंदवलं, की ड्रग्ज घेतले होते का हे ठरवायला आरोपींची वैद्यकीय तपासणीच झाली नव्हती. मे २०२२ मध्ये एनसीबीने पुरेशा पुराव्याअभावी त्याचं नाव आरोपपत्रातून वगळलं. तिथे तपासणीच नव्हती, इथे अर्धी झाली होती. आमचा निकाल दोन्हीकडे आधीच तयार!

मित्रहो, टेस्ट वाईट नाही. आपल्या होस्टेलमध्ये कुणीच काही घेत नाही असंही मी म्हणणार नाही. पण आलेला निकाल हा प्रश्न असतो, उत्तर नाही. डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला. मी त्याच्याच खोलीत राहून तो विचारला नाही, ड्रॉवर उघडला.

त्याला हे अजून सांगितलेलं नाही. आता इथे वाचेल. पुढच्या दिवाळीत डब्यातले अर्धे अनारसे मी खाईन, आवडत नसले तरी.