अर्धे रडले, अर्धे उठून गेले

काही चित्रपट असे असतात की ते पाहून आलेल्या दोन माणसांना ‘कसा आहे?’ म्हणून विचारलं, तर दोघांनी एकच चित्रपट पाहिला यावर विश्वास बसू नये. ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ हा त्यांपैकीच एक. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत अवघ्या १० चित्रपटगृहांत लागलेला हा चित्रपट तोंडी प्रसिद्धीवर वाढत गेला. जगभरात मिळून १० कोटी डॉलरहून अधिक गल्ला त्याने जमवला आणि १२ मार्च २०२३ च्या ऑस्कर सोहळ्यात ११ नामांकनांपैकी ७ बाहुल्या पटकावल्या. त्याच रात्री आपल्या ‘नाटू नाटू’ गाण्याला आणि ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ या माहितीपटालाही ऑस्कर मिळालं. साहजिकच आपल्याकडे कौतुक झालं ते त्यांचं. या विक्षिप्त चित्रपटाकडे बऱ्याच मराठी कुटुंबांचं लक्ष उशिराच गेलं.

विक्षिप्त हा शब्द जपूनच वापरते आहे. गोष्ट तशी साधी. एव्हलिन नावाची चिनी वंशाची प्रौढ बाई अमेरिकेत नवऱ्याबरोबर कपडे धुण्याचं दुकान चालवते. पावत्यांचा ढीग समोर आहे, प्राप्तिकर कार्यालयाने बोलावलं आहे, म्हातारे वडील चीनहून आले आहेत, नवरा घटस्फोटाचे कागद खिशात घेऊन फिरतो आहे आणि तरुण मुलीशी धड बोलणं होत नाही. अशात तिला कळतं की जगं असंख्य आहेत आणि प्रत्येक जगात तिचा एक वेगळा जन्म चालू आहे. कुठे ती गाजलेली नटी आहे, कुठे स्वयंपाकी, कुठे तर माणसांना बोटांऐवजी लांबलचक सॉसेज आहेत! मग हाणामाऱ्या, धावपळ, आचरट विनोद. काही दृश्यं चांगलीच चावट आहेत, तेव्हा लहान मुलांना घेऊन पाहायला बसू नये, हे आधीच सांगून ठेवते.

मी हा चित्रपट पाहिला तो बंगळुरूच्या महादेवपुरा भागात, मावसबहिणीच्या घरी. महादेवपुरा म्हणजे व्हाइटफील्डच्या वाटेवरची वस्ती. फिनिक्स मार्केटसिटीसारखा भलामोठा मॉल, काचेची कार्यालयं, उंच इमारती आणि २०२३ पासून डोक्यावरून जाणारी मेट्रोची जांभळी मार्गिका. या इमारतींत देशभरातून आलेली नोकरदार मंडळी राहतात. त्यांत मराठी घरंही पुष्कळ आणि अलीकडे त्या घरांतून आणखी एक माणूस दिसू लागलं आहे : गावाकडचं घर बंद करून मुलांकडे राहायला आलेली आई.

माझी मावशी त्यांतलीच. वय ७४. मावसोबांबरोबर तिने मिरजेत पस्तीस वर्षं वह्या-पुस्तकांचं दुकान चालवलं. ते गेले, तेव्हा मुलीने आईला इकडे आणलं. त्या संध्याकाळी दिवाणखान्यात आम्ही आठ जण होतो. मावशी, बहीण आणि तिचे यजमान, शेजारचे बेळगावचे काका-काकू, बहिणीच्या कचेरीतले नागपूर आणि पुण्याचे दोन तरुण, आणि मी. एकाच घरात एवढ्या वेगवेगळ्या वयाचे प्रेक्षक! चित्रपटाइतकीच मी त्यांच्याकडेही पाहत होते.

पहिल्या अर्ध्या तासात काकांचा धीर सुटला. ‘‘याला शेंडा ना बुडखा,’’ म्हणत ते फेरी मारायला निघून गेले. तरुण दोघे पोट धरून हसत होते. बहीण एका बाजूने हसत होती, तर दुसऱ्या बाजूने आईला हे कसलं दाखवतो आहोत म्हणून अवघडली होती. मावशीला मात्र पहिलंच दृश्य पटलं. पावत्यांचा ढीग उपसणारी एव्हलिन पाहून ती म्हणाली, ‘‘अगं, ही तर मार्च महिन्यातली मी!’’

भरधाव इंग्रजी संवाद तिला समजत नव्हते. पण मधोमध एक प्रसंग आहे. जिथे जीवसृष्टीच निर्माण झाली नाही, अशा जगात आई आणि मुलगी दोन दगड होऊन कड्यावर बसल्या आहेत. आवाज नाही, फक्त अक्षरं उमटतात. मावशीने चष्मा सावरला आणि एकेक ओळ सावकाश वाचली. सगळा गोंगाट चालला असताना कुठे होतो ते तिला कळलं नव्हतं. दगड बोलू लागले तेव्हा ती चित्रपटात आली.

असल्या गोष्टी आपल्याला अगदीच परक्या आहेत असंही नाही. डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जाऊन पोहोचतात, जिथे १७६१ ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ नाटकात तर १९७४ मध्येच मेलेले भाऊराव कीर्तन करीत होते, आणि मराठी प्रेक्षक मृत्यूवर हसत होता. घरातलं दुःख सरळ सांगता आलं नाही की आचरटपणाच्या आडून सांगायचं, ही रीत आपल्याही रंगभूमीला ठाऊक आहे. फरक इतकाच की तिथे भाऊराव आपल्या चाळीतले होते.

पण एव्हलिनचं घरही महादेवपुऱ्यातल्या घरांपासून फार दूर नाही. ती वडिलांशी कँटनीज बोलते, नवऱ्याशी मँडरिन, आणि मुलगी जॉय हिची चिनी मोडकी, म्हणून तिच्याशी बरंचसं इंग्रजी. जॉयला आपली जोडीदारीण आजोबांना ओळख करून द्यायची असते. तिला शब्द सापडत नाही आणि ती चाचपडत असताना आई मध्येच ‘चांगली मैत्रीण’ म्हणून मोकळी होते. मुलगी दुखावून निघून जाते. आई मागोमाग धावते. आता काहीतरी मायेचं बोलेल असं वाटतं, तर म्हणते काय, तू जाड होत चालली आहेस, जरा नीट खात जा! या वाक्याला आमच्या खोलीत जो हशा पिकला तो सगळ्यांत मोठा होता. त्यात आयाही होत्या आणि लेकीही. फक्त बहीण हसली नाही. मावशीने त्याच दिवशी सकाळी तिला हेच सांगितलं होतं.

शेवटाकडे आई आणि मुलगी पुन्हा समोरासमोर येतात. मुलगी म्हणते, मला आता जाऊ दे. आई आधी ‘बरं’ म्हणून हात सोडते. मग वळते आणि तेच जुने टोमणे मारता मारता सांगून टाकते की इतकी सगळी जगं असताना मला इथेच, तुझ्याजवळच राहायचं आहे. नागपूरच्या तरुणाने डोळे पुसले. काकूंनीही पदर डोळ्यांना लावला.

चहा झाल्यावर ज्याला त्याला मी एकच विचारलं, कुठला प्रसंग लक्षात राहिला? पुण्याचा तरुण म्हणाला, मारामारी. काकूंना नवरा आवडला होता. हाणामारी थांबवून, काय चाललंय ते कुणालाच कळत नाही, निदान मायेने तरी वागा, असं विनवणारा. ‘‘आमच्यांना हे बघायला पाहिजे होतं,’’ काकू म्हणाल्या. बहिणीच्या मनात आईचं शेवटचं बोलणं घर करून राहिलं होतं. ‘‘आपल्याकडे असं कुणी बोलून दाखवत नाही,’’ असं म्हणताना तिने आईकडे पाहिलं.

मावशी म्हणाली, ‘‘मला तिनं हात सोडला ते आवडलं. आधी सोडला, मग बोलली.’’

खोलीत जरा शांतता पसरली. मग मावशीच पुढे म्हणाली, ‘‘ती बाई सगळी जगं बघून आपल्या घरी आली. मलाही माझं घर एकदा उघडायचंय. इथं मला काही कमी नाही. पण दारावरचा दूधवाला कानडी, वॉचमन हिंदी, नात इंग्रजी. दिवसभर मी कुणाशी बोलायचं? वर्षातले चार महिने मला मिरजेला राहू दे.’’

बहिणीचा चेहरा पडला. आईला इथे आणण्यात आपण तिची काळजी घेतली, अशी तिची समजूत होती आणि ती खरीही होती. आईची एकटेपणाची तक्रार म्हणजे आपल्यावरचा ठपका, असं तिला वाटलं असावं. त्या रात्री दोघी बऱ्याच उशिरापर्यंत स्वयंपाकघरात बोलत होत्या. मी काही ऐकायला गेले नाही. भांड्यांचा आवाज, मध्येच मावशीचं हसणं, एकदा बहिणीचं रडणं एवढं मात्र कानावर आलं.

अमेरिकेत काय किंवा बंगळुरूत काय, या चित्रपटाबद्दल लोक इतकं वेगवेगळं का बोलतात, हे मला त्या दिवाणखान्यात उमगलं. आपण घरातल्या ज्या जागेवर उभे असतो, तिथून दिसतं तेवढंच आपण पाहतो. लेकीला आईच्या तोंडून ‘तू मला हवीस’ हे ऐकायचं असतं. आईला कधी कधी लेकीच्या तोंडून ‘जा’ ऐकायचं असतं. चित्रपटात दोन्ही आहे, तेही एकाच प्रसंगात. मिशेल यो यांना या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. सर्वोत्तम अभिनेत्रीचा तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच आशियाई. त्यांच्या चेहऱ्यावर हात सोडतानाचं दुःख आणि वळतानाची माया दोन्ही दिसतं. आपल्याला त्यातलं एकच दिसलं, तर दुसरं शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला विचारून घ्यावं.

वाचकहो, हा चित्रपट घरातल्या मोठ्या माणसांबरोबर पाहायचा ठरवलात, तर कुणी मध्येच उठून गेलं म्हणून रागावू नका. (बेळगावचे काका शेवटच्या वीस मिनिटांसाठी परत आले आणि गुपचूप बसून राहिले!) ‘आवडला का?’ असंही विचारू नका. ‘काय लक्षात राहिलं?’ असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.

मावशीचं राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं तिकीट बहिणीनेच काढलं. मिरजेतल्या शेजाऱ्यांना फोन करून पाण्याची टाकी धुऊन घ्यायला सांगितलं. ‘‘आणि आई, तिथे नीट जेवत जा, वाळत चालली आहेस,’’ असंही वर बजावलं.